खिडकीजवळची खाट, पात्रता विभाग

...नाही, पण मला सांगा, माणसाला हलवायचं म्हटलं तरी कुठे हलवावं याला काही धरबंध? गोदामात टाका, पत्र्याच्या शेडमध्ये टाका, बंद पडलेल्या सिनेमागृहात टाका, मी चकार शब्द काढला नसता! नोकरी आहे बाबा, साहेब म्हणतील तिथे खुर्ची मांडायची. पण आमच्या विद्यापीठाने आमचं अख्खं प्रशासन उचललं आणि नेऊन ठेवलं कुठे? तर बंद पडलेल्या हॉस्पिटलात! हसू नका. म्हणजे हसा, हरकत नाही, सुरुवातीला आम्हीही हसलो.

झालं काय, तुम्हाला सांगतो, विद्यार्थी वाढले, विभाग वाढले, आणि आवार तेवढंच. भूगोलवाले जिन्यात शिकवायला लागले. खरं सांगतो! हुशार मुलं खालच्या पायरीवर, बाकीची वरच्या, आणि कुणाला वर जायचं असेल तर ज्वालामुखी थांबवून वाट द्यायची. मग जागेच्या टंचाईवर उपाय शोधायला समिती नेमली. आता त्या समितीला बसायला जागा मिळेना! शेवटी कुलसचिवांच्या केबिनबाहेर, पॅसेजमध्ये, उभ्याउभ्याच बैठक झाली, आणि उभ्या माणसाला निर्णयाची घाई असते, पाय दुखतात ना... ठरवून मोकळे झाले, जे शिकवत नाहीत ते बाहेर! झालं. आमचे मोठे बाबू, म्हणजे आमच्या विभागाचे अधीक्षक, भीत भीत म्हणाले, ‘साहेब, इतकी वर्षं आम्ही इथे...’ तर कुलसचिव घशातून एक खर्ज काढतात, तो काढून म्हणाले, ‘हे बघा, प्रश्न जागेचा आहे, भावनेचा नाही!’

आणि महिना उलटायच्या आत आम्ही त्या हॉस्पिटलात. बाजारामागच्या गल्लीतलं, खाजगी. डॉक्टरांनी वय झालं म्हणून बंद केलं होतं. विद्यापीठाने भाड्याने घेतलं तेव्हा रंग काढायलासुद्धा वेळ नव्हता, पाट्या काढायला तर नाहीच. परीक्षा विभाग ऑपरेशन थिएटरात. वरचा तो मोठा गोल दिवा तसाच, त्याच्याखाली विद्यार्थी उभा केला की न विचारता कॉपी कबूल करतो! लेखा विभाग प्रसूतिगृहात, भिंतीवर गुबगुबीत बाळाचं पोस्टर, त्याच्याखाली आमचे लेखापाल सदा कळा आल्यासारखा चेहरा करून बसलेले. उपकुलसचिवांना एक्स-रेची खोली. शिशाचं दार आहे, आत मोबाइलला रेंज येत नाही. इतका सुखी उपकुलसचिव मी जन्मात पाहिला नाही.

आणि वॉचमन! वॉचमन इमारतीबरोबर आला. भाडेकरारात पंखे, ट्यूबलाइट आणि हा. जन्म गेला त्या दारात, त्याला कोण सांगणार की हॉस्पिटल बंद झालं? पोरगं येतं बिचारं कागद घेऊन, की हा काठी आडवी घालतो, ‘पेशंटचं नाव?’ ‘काका, मला मायग्रेशन सर्टिफिकेट पाहिजे.’ ‘दुसरा मजला. एकानेच जायचं. फळं चालतील, फुलं नाही.’ उद्घाटनाला कुलगुरू आले, त्यांना म्हणाला, ‘बूट बाहेर!’ आणि कुलगुरूंनी काढले हो! मोज्याला भोक. सगळ्या विद्यापीठाने पाहिलं, आणि सगळं विद्यापीठ भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बघत उभं राहिलं.

इथपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे हसत होतो. मग मोठे बाबू म्हणाले, चला, आपला पात्रता विभाग दुसऱ्या मजल्यावर, जुना पुरुष वॉर्ड. टेबलं लावून ठेवली होती. जिथे खाट तिथे टेबल, साधा हिशोब. मोठे बाबू एकेकाला जागा दाखवत चालले, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, ‘तुमची चैन आहे! खिडकी, उजेड, वर पंखा!’

त्या खिडकीजवळच्या खाटेवर माझे वडील गेले.

तीच खिडकी. गजाला बांधलेली चिंधी तीच. ती मीच बांधली होती, झडप वाऱ्याने आपटायची आणि बाबा दचकायचे म्हणून. डोक्याशी भिंतीत ऑक्सिजनची तोटी, वर सलाइन अडकवायचा हूक. ज्या स्टुलावर बसून मी त्यांचे पाय दाबायचो, ते स्टूल आता माझ्याकडे कामासाठी येणाऱ्यांना बसायला! मी म्हटलं, ‘बाबू, जरा दुसरीकडे बघता का? कोपऱ्यात चालेल. पंखा नको.’ का, ते सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, माणूस वाईट नाही, खांद्यावर हातसुद्धा ठेवला. आणि म्हणाले, ‘समजतं हो. पण तुम्हाला हलवलं तर टायपिस्टबाईंना हलवावं लागतं, त्यांना हलवलं तर कपाट. प्रश्न जागेचा आहे, भावनेचा...’ पुढचं गिळलं. गिळलं तरी ऐकू आलंच.

बसलो. काय करणार? पहिल्या दिवशी टेकून बसलो नाही. दुसऱ्या दिवशी टेकलो. आठवड्याने सलाइनच्या हुकाला पिशवी अडकवायला लागलो. माणसाला सगळ्याची सवय होते, आणि होते याचाच राग येतो.

पण खरी चूक मी केली ती घरी. आमच्या आईची आठवण हल्ली जरा... जाते. म्हणजे दूध उतू गेलेलं कळत नाही, मला भावाच्या नावाने हाक मारते, भाऊ तिचा, माझा नव्हे! पण एक गोष्ट तिला पक्की होती. बाबा गेले. फोटोकडे बघायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, ‘गेले.’ वर्ष घालवलं होतं तिने तेवढं एक वाक्य पक्कं करायला. आणि मी, शहाणा, जेवता जेवता काय बोलून गेलो? ‘आई, आमचं ऑफिस हलवलं ना, आता त्या हॉस्पिटलात असतो मी. बाबांच्या वॉर्डातच.’

सकाळी बघतो तर ओट्यावर दोन डबे. एक बायकोने भरलेला, माझा. आणि एक जुना स्टीलचा, कपाटातून शोधून काढलेला, आत मऊ भात, बिनमिठाचा. ‘तिथेच जातोस ना? मग यांचा घेऊन जा. गरम आहे तोवर दे.’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे. आता इथे मी सांगायला हवं होतं. पण तुम्हाला सांगतो, बस चुकत होती, आणि... डबा घेतला. संध्याकाळी दार उघडायच्या आधीच आई दारात, ‘कसे आहेत आज?’

आता हे नीट ऐका, कारण इथे आमच्या खात्याचा गुण उतरला. काउंटरवर बसणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच शिकवतात, ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘नाही’ म्हटलं की माणूस भांडतो, रडतो, वडलांना घेऊन येतो, वर तक्रार करतो. ‘प्रक्रिया चालू आहे’ म्हटलं की आभार मानून घरी जातो! काम झालेलं नसतं, होणार नसतं, कधीकधी कागदसुद्धा सापडत नसतो, पण प्रक्रिया? प्रक्रिया चालू असते. उभा जन्म मी हे वाक्य बोललो आहे, झोपेतून उठवा, हेच बोलेन. तर आई म्हणाली, ‘कसे आहेत?’ आणि माझ्या तोंडातून, मी विचार करायच्या आत, ‘उपचार चालू आहेत.’

झालं! संपलं. प्रकरण दाखल झालं!

मग रोज चौकशी. ‘जेवले का?’ जेवले. जेवले म्हणजे काय, मीच जेवलो. टाकवत नाही हो तो भात! आधी माझा डबा, वर बाबांचा. दुपारी मोठे बाबू विचारतात, ‘तुमचा काही पथ्याचा प्रकार आहे का?’ काय सांगू? ‘डॉक्टर काय म्हणाले?’ डॉक्टर राउंडला आले होते. ‘घरी कधी सोडणार?’ सह्या व्हायच्यात! वाक्यं सगळी तीच, ऑफिसातलीच, इकडची तिकडे. आणि आई? तुम्हाला सांगतो, तिची तब्येत सुधारली. वेळेवर उठायला लागली, वेणी घालायला लागली. शेजारीण म्हणाली, ‘आईंना कुठलं औषध चालू केलंत?’ बायको मात्र रात्री भांडी आपटत म्हणायची, ‘अहो, खोटं बोलताय त्यांच्याशी.’ मी म्हणायचो, कळतंय गं. ‘कळतंय तर सांगा ना!’ उद्या सांगतो.

शेवटी ताई आली. माझी मोठी बहीण, गावाहून, खास. तिचा स्वभाव सरळ, एक घाव दोन तुकडे. म्हणाली, ‘तुझ्याच्याने होणार नाही, मी सांगते.’ आईला जवळ बसवलं, हात हातात घेतला, आणि सांगितलं. आई, बाबा गेले. आईने ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, ‘कधी?’ आणि मग, ‘मला का नाही सांगितलंत कुणी?’

अहो, ती रडली कशी माहिती आहे? पहिल्या दिवसासारखी. तशीच. तोच आवाज. आम्हाला वर्ष झालेलं आणि तिला आत्ता, या क्षणी, गेलेले. दिवसभर तेच, ‘मला का नाही सांगितलंत? मी जवळ नव्हते का?’ होतीस गं आई, तूच होतीस उशाशी! तर म्हणे, ‘मग मला कसं आठवत नाही?’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून, वेणी घालून, आई ओट्याशी. मऊ भात. ‘गरम आहे तोवर दे रे.’ ताई स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभी. दुपारच्या गाडीने गेली. तेव्हापासून फोनवर आई जवळ असली की ताई, सरळ स्वभावाची माझी ताई, मोठ्याने विचारते, ‘बाबा कसे आहेत?’

तर असं रीतसर चाललेलं असताना एक दिवस दुपारी काउंटरसमोर ही रांग, टायपिस्टबाई रजेवर, प्रिंटर अडकलेला, आणि मी खाली मान घालून, ‘प्रक्रिया चालू आहे, पुढच्या सोमवारी या... प्रक्रिया चालू आहे, पुढच्या सोमवारी...’ आणि समोर स्टीलचा डबा. वर बघतो तर आई! एकटी आलेली. रिक्षावाल्याला सांगितलं, हॉस्पिटल, त्याने बरोबर आणून सोडली. आणि वॉचमनने अडवली असेल, म्हणाल तुम्ही? अहो, ओळखली त्याने! ‘दुसरा मजला, आजी, खिडकीजवळ. लिफ्टने जा.’ स्वतः बटण दाबून दिलं!

आई बघतेय. खिडकी तीच. चिंधी तीच. तोटी, हूक, सगळं जागच्या जागी. आणि खाटेच्या जागी मी. बघता बघता तिचा चेहरा असा उतरला... पुढे आली, रांग बाजूला करून आली, माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, ‘तुला कधी ठेवलं रे इथे?’

सबंध वॉर्ड, म्हणजे विभाग, गप्प. ‘शांतता राखा’ पाटीचं आयुष्यात पहिल्यांदा कुणी ऐकलं. मी म्हटलं, आई, मला काही झालेलं नाही, मी कामाला आहे इथे. तिने ऐकलंच नाही. इकडेतिकडे बघितलं आणि घाबरून म्हणाली, ‘आणि हे? हे कुठे गेले? यांची खाट तुला दिली... मग यांना कुठे ठेवलं?’

आता सांगा! समोर ती पोरंपोरी, मागे मोठे बाबू, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. उभा जन्म बोलतोय ते वाक्य, तेसुद्धा नाही! तेवढ्यात रांगेतली एक मुलगी... कितव्यांदा तरी आलेली, दर सोमवारी परत पाठवत होतो मी तिला... ती पुढे झाली, आईचा हात धरला आणि म्हणाली, ‘आजी, तपासणीला नेलंय त्यांना. प्रक्रिया चालू आहे. थोडा वेळ लागेल, तुम्ही बसा ना.’ आणि स्टूल पुढे सरकवलं. ते स्टूल.

आई बसली. डबा उघडला आणि त्या सगळ्यांदेखत मला भरवला. मी खाल्ला. काय करू मग? त्या मुलीचं काम मी त्याच दिवशी केलं, प्रिंटरला लाथ घालून केलं. जाताना ‘थँक यू’ म्हणाली. मला वर बघवेना. मोठे बाबू येऊन म्हणाले, ‘तुमची जागा बदलूया का?’ मी म्हटलं, राहू द्या आता. उद्या आई परत आली तर मला शोधणार कुठे?

आणि असं सगळं बसल्या जागी बसल्यावर, मागच्या आठवड्यात, तुम्हाला सांगतो, कुलसचिव आले. सगळ्यांना खाली कॅज्युअल्टीत गोळा केलं. खर्ज काढला. ‘इमारत सोडायची आहे!’ का? तर डॉक्टरांच्या मुलाला हॉस्पिटल परत सुरू करायचंय. शहरात खाटा कमी पडताहेत म्हणे, पेशंट व्हरांड्यात झोपताहेत. आणि आम्ही? आम्ही गावाबाहेर, हायवेलगत, टायरच्या रिकाम्या गोदामात. कुणीतरी म्हणालं, साहेब, फार लांब पडतं. ‘प्रश्न जागेचा आहे!’ पुढचं आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

सगळे वैतागले बसवरून. माझी काळजी वेगळीच. कारण आता त्या खिडकीजवळ खरा पेशंट येणार. कुणाचातरी बाप. आणि एक दिवस आमची आई डबा घेऊन जाणार, वॉचमन बटण दाबणार, आणि त्या खाटेवर भलताच माणूस! किंवा रिकामी खाट. नवी चादर घातलेली रिकामी खाट, हॉस्पिटलातली. तिला त्याचा अर्थ बरोबर कळतो हो. बाकी सगळं विसरली असेल. आणि त्या वेळी ती तिथे एकटी असणार.

तेव्हा ठरवलं, आता खरं सांगायचं. मीच. एकदाच रडेल, नंतर विसरेल, मग परत डबा भरेल, मग परत सांगायचं... रोज सांगायचं. रोज मारायचं त्यांना, तिच्यापुरतं. बायकोला म्हटलं, तू जवळ थांब. आरशासमोर म्हणून बघितलं, आई, बाबा गेले. जमत होतं. आरशाला जमत होतं.

आज सकाळी आई डबा घेऊन उभी. मी म्हटलं, आई, बस. आजपासून तिथे जायचं नाही. तिचा हात थांबला. ‘का?’ म्हणाली. मग अगदी हळू, ‘गेले का?’

अहो, तीच विचारत होती! मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. इतका छोटा शब्द! बायको माझ्याकडे बघतेय, मी आईकडे बघतोय, आईच्या ओठाला कंप सुटलाय, सुरू होणार आता, तो पहिल्या दिवसाचा आवाज... आणि मी म्हणालो, ‘नाही गं. हलवलंय त्यांना. इथे जागा पुरेना.’

‘कुठे हलवलं?’

‘गावाबाहेर. हायवेपाशी.’

बायकोने तोंड फिरवलं. आईने डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘एवढा लांबचा प्रवास झेपला त्यांना?’ मी म्हटलं, झेपला. ‘बसून गेले की निजून?’ बसून, आई. खिडकीशी. तर तिचा चेहरा असा उजळला हो... ‘बसून गेले म्हणजे सुधारले की रे!’ डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि आत जाऊन बायकोला सांगायला लागली, ‘ऐकलंस का? सुधारले! मी म्हणत होते, त्या हॉस्पिटलातून बाहेर काढा त्यांना!’

तर आता काय बोलायचं सांगा. विद्यापीठाने शेकडो माणसं हलवली, इकडून तिकडे, तिकडून पलीकडे. कुणाची कंबर धरली, कुणाला दमा लागला, मोठे बाबू तर मुदतीआधीच निवृत्ती घेताहेत. एवढ्या सगळ्यांत हलवल्यामुळे तब्येत सुधारली असा एकच माणूस निघाला... आणि तो आमच्या आस्थापनेवरच नाही!